गडगडलं की पिन काढायची

कणकवलीच्या आमच्या इमारतीवर वीज पडू नये म्हणून गच्चीत सळई बसवलेली आहे, मीटरजवळ कसलंसं सुरक्षेचं यंत्र आहे, आणि तरीही आभाळात खुट्ट झालं की माझा हात आधी पिनेकडे जातो. टीव्ही, फ्रिज, राऊटर, सगळ्यांच्या पिना काढून टाकल्याशिवाय मला चैन पडत नाही. नवरा हसतो. हसू दे. ही सवय मला ज्या बाईकडून आली ती आता नाही. तिच्या हातची चव माझ्या हाताला आली नाही, तिचा गळाही आला नाही. आली ती ही एवढी पिना काढायची खोड, आणि ती मी मोडणार नाही.

मसुऱ्याला आमच्या घरी गडगडणं हा घरकामाचाच एक भाग होता. मी लहान असताना एकदा वीज तारेतून घरात शिरली आणि नवाकोरा टीव्ही जाळून गेली. तेव्हापासून आईने ठरवून टाकलं होतं. पहिलं गडगडलं की दोन कामं: अंगणातलं भात आत आणि भिंतीतल्या पिना बाहेर. भाताकडे बाबा आणि मी, पिनांकडे आई. बटण बंद करून भागायचं नाही, पिन उपसून ती बोर्डापासून हातभर लांब ठेवायची. पाहुणे मोबाइल चार्जिंगला लावून गप्पा मारत बसले असले तरी आई त्यांना न विचारता त्यांचीही पिन काढायची. ऑक्टोबरात, कापणीच्या दिवसांत, दुपार कलली की रोज हा प्रकार चालायचा, आणि त्यात कधी हयगय झालेली मला आठवत नाही.

ज्या दिवसाची ही गोष्ट, त्या वर्षी मी ऑफिसचं काम घरून करत होते. घर आमचं खोलगट भागात, मोबाइलची रेंज म्हणजे वर सड्यावर, कातळाच्या माथ्यावर चढून जा आणि हात उंच करून उभे राहा. म्हणून मी केबलवाल्याकडून इंटरनेट घेतलं होतं आणि स्वतःचा चांगलासा राऊटर आणून माजघरातल्या फळीवर बसवला होता. त्याचा खरा उपयोग माझ्यापेक्षा आईलाच जास्त झाला, कारण माझा धाकटा भाऊ मालवाहू जहाजावर होता. जहाज बंदराला लागलं की तो आईला व्हिडिओ कॉल करायचा. आई फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवायची आणि भाजी चिरता चिरता त्याच्याशी बोलायची. बाबा मागून डोकावून "बरो आसस मां?" एवढं विचारायचे आणि लगेच बाजूला व्हायचे.

त्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी मात्र आईचं आणि भावाचं वाजलं होतं. दिवाळीला घरी यायचा होता, तो म्हणाला की आणखी काही महिने जहाजावरच थांबायचं कबूल केलंय, वरची जागा मिळायची शक्यता आहे. आईने विळी बाजूला सारली. "मगे येवच नको," ती म्हणाली. "तुझ्याशिवाय हय कोणाचा काय्येक अडणा नाय." आणि फोन कट केला. रात्री ती धड जेवली नाही. सकाळी भावाचा मला निरोप आला: संध्याकाळी जहाज सुटणार, मग कित्येक आठवडे बोलणं होणार नाही, सुटण्याआधी एकदा आईला फोन करतो, तिला म्हणावं उचल.

मी आईला सांगितलं. "बघूया," ती म्हणाली. पण दुपारपासून तिचा फोन तिच्या पदराच्या गाठीला बांधल्यासारखा तिच्याबरोबर फिरत होता.

आता इतक्या महत्त्वाच्या दिवशी मी राऊटरला हात का लावावा? तर आदल्या दिवशीचा कॉल मधूनमधून अडखळत होता, आणि राऊटरचं नवं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आत असतो तो प्रोग्राम, त्यावरच इलाज म्हणून आलं होतं. संध्याकाळचं बोलणं तरी सुरळीत होऊ दे म्हणून मी दुपारीच ते उतरवून घेतलं आणि राऊटरवर चढवायला लावलं. हे काम चालू असताना वीज जाता कामा नये, तसं पडद्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलंही होतं. पण ते मी वाचलं होतं, आईने नव्हतं.

पट्टी अर्ध्यापर्यंत भरली असेल नसेल, आभाळ गडगडलं.

"गो, भात भिजतला!" बाबांनी अंगणातून हाक दिली आणि मी लॅपटॉप तसाच टाकून धावले. अंगवळणी पडलेली सवय, दुसरं काय. आम्ही दोघं चटईवरचं भात ओढत होतो, थेंब पडू लागले होते, आणि एका क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी "आये, पिन काढू नको!" असं ओरडत आत शिरले. आई माजघरात उभी होती. सगळ्या पिना बोर्डापासून हातभर लांब, शिस्तीत ठेवलेल्या. "काढलंय," ती समाधानाने म्हणाली. "सगळ्यो काढलंय."

पाऊस येऊन गेला. पिन परत लावली. राऊटरचा एकच दिवा लुकलुकत राहिला, वायफायचं नाव कुठे दिसेना. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी जे बोलायला नको ते सगळं बोलले. वीज तारेतून शिरते म्हणे, इथे तूच शिरलीस, असंही म्हणाले. मग आईने विचारलं, "म्हणजे सांजचो फोन लागाचो नाय?"

त्या प्रश्नाने माझा राग जागच्या जागी विझला. सड्यावर जाऊन उपयोग नव्हता, गडगडाटाबरोबर टॉवरही गेला होता आणि तो एकदा गेला की दुसऱ्या दिवसापर्यंत येत नसे. केबलची तार सरळ लॅपटॉपला जोडून पाहिली, तर जोडणीचा पासवर्ड त्या राऊटरच्याच पोटात, आणि केबलवाल्याला विचारायचं तर फोन कशावरून करणार?

"मी त्येका येव नको म्हटलंय," आई म्हणाली. "तो ताच घेवन जातलो."

मी लॅपटॉप घेऊन जमिनीवर बसले. एक आशा होती. असल्या राऊटरमध्ये सगळं बिघडलं तरी एक छोटासा मूळ भाग शाबूत राहतो. मागच्या बारीक भोकातलं बटण दाबून धरून वीज दिली की तो जागा होतो, थोडा वेळ वाट पाहतो, आणि तेवढ्यात तारेने जोडलेल्या लॅपटॉपवरून फर्मवेअर पाठवलं तर ते घेतो. फर्मवेअरची फाइल माझ्याकडे होतीच. प्रश्न होता तो हातांचा. एका हाताने भोकातलं बटण दाबायचं, दुसरा लॅपटॉपवर, मग भिंतीवरचं बटण कोण लावणार?

"मी लावतंय," आई म्हणाली. भोकात घालायला तिनेच बांगडीतली सेफ्टी पिन काढून दिली.

पहिल्यांदा माझाच हात सटकला. दुसऱ्यांदा सगळं जमलं. आईने बटण लावलं, दिव्याची लय बदलली, मी फाइल पाठवायला सुरुवात केली, आणि लांब, बहुधा समुद्रावर कुठेतरी, आभाळ पुन्हा गुरगुरलं. खट्. आईने बटण बंद केलं होतं.

मी तिच्याकडे पाहिलं. ती स्वतःच्या हाताकडे बघत होती, तो हात दुसऱ्या कोणाचा असावा तशी. "मी नाय केलंय गो," ती म्हणाली. "हातान केला." आणि दोन्ही हात पदरात गुंडाळून, बोर्डापासून लांब, दाराशी जाऊन बसली. मला हसावं की रडावं कळेना. उभा जन्म ज्या हाताने घर राखलं, त्याच हाताचा तिला त्या दिवशी भरवसा वाटेना.

मग बाबा बोर्डाजवळ उभे राहिले. बटण लावलं, दिव्याची लय बदलली, फाइल गेली. आता राऊटर ती स्वतःत लिहून घेणार, तोवर कोणी कशाला हात लावायचा नाही आणि नुसतं बघत बसायचं. बाबांना नुसतं बसणं कधी जमलं नाही. आमच्याकडे अडलेल्या कामाला एकच पुढची पायरी असते. त्यांनी देवापुढचा नारळ आणून राऊटरसमोर ठेवला आणि गाऱ्हाणं, म्हणजे देवाला मोठ्याने साकडं, घालायला सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या लेकरांनी जा काय काम हातात घेतला आसा, तेच्यात जा काय इघ्न इला आसात, ता दूर कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" मी म्हणाले. इंजिनिअर झाले म्हणून काय झालं, गाऱ्हाण्याला ओ द्यावीच लागते.

"जो आमचो झील दर्यार आसा, तेका संभाळ रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आणि आमच्या घरातल्या कोणाच्या हातान, कोणाच्या तोंडान, काय चुकला माकला आसात, तर ता पदरात घे रे म्हाराजा!"

या वेळी माझ्याकडून ओ आली नाही. हे गाऱ्हाण्यातलं नेहमीचंच बोलणं, प्रत्येक नारळाला म्हणतात. पण 'तोंडान' हा शब्द बाबांनी मुद्दाम घातला होता की सहज आला होता, मला आजही ठाऊक नाही. आई दाराशी बसल्या जागी रडत होती. तिला मी तशी फार थोड्या वेळा पाहिली. मी उठून तिच्याजवळ जाऊन बसले. थोड्या वेळाने तिने नाक पुसलं आणि हळूच म्हणाली, "होय म्हाराजा."

राऊटरचे दिवे आपोआप विझले. मग एक लागला. मग दुसरा. मी फोन हातात घेतला, तर आमच्या वायफायचं नाव परत आलं होतं, जुनी सेटिंग्ज जशीच्या तशी. मी आनंदाने ओरडले. बाबा नारळ उचलून फोडायला बाहेर गेले. आई उठली, तोंडावर पाणी मारून आली, आणि फोन तांदळाच्या डब्याला टेकवून त्याच्यासमोर बसली. भाजी वगैरे काही घेतली नाही. नुसती बसली.

बाहेर काळोख पडायच्या आधी फोन वाजला. भावाच्या मागे बंदराचे दिवे आणि वारा होता. कॉल एकदाही अडखळला नाही. आईने जेवलास का विचारलं, अंगावर स्वेटर का नाही म्हणून रागावली, भात किती भिजलं ते सांगितलं. कालचा विषय दोघंही टाळत होती. शेवटी मागून त्याला कोणीतरी हाक मारली आणि तो घाईघाईने म्हणाला, "आये, आयक, काल तू जा म्हणालंस..."

"काल?" आईने त्याला पुढे बोलूच दिलं नाही. "काल खंय बोललंव आपण? आमचा नेट कालपासून बंद होता. तुझ्या ह्या भयणीन आता चालू केल्यान."

मागून पुन्हा हाक आली, पण तो स्क्रीनसमोरून हलला नाही.

"होय गो आये," तो म्हणाला. "म्हणानच काल माका काय्येक आयकाक येय नाय होता."

"तर मगे आता आयक," आई फोनच्या अगदी जवळ जात म्हणाली. "थयला काम झाला काय सरळ घराक ये. आमका तुझ्याशिवाय करमणा नाय."