मागच्या दाराची कडी

दहावीला इतिहास शिकवतो मी. परदेशातल्या एका युद्धात शेजाऱ्यांनीच शेजाऱ्यांची कत्तल केली, हे सांगताना एका मुलीनं विचारलं, "सर, ती माणसं पहिल्यापासनं वाईट होती काय?" मी "नाही" म्हटलं आणि घाईनं फळा पुसायला वळलो. पुढचं उत्तर मला चांगलं ठाऊक आहे, वर्गात सांगायची हिंमत नाही.

आमचं गाव हिंडलग्याच्या पलीकडं. लक्ष्मीच्या यात्रेआधी गाव आठवड्यातले ठरावीक वार पाळतं. त्या दिवशी कुणीही शेतात काम करायचं नाही. मागच्या यात्रेआधी अशाच एका शुक्रवारी मोबाईलवर व्हिडिओ फिरला: आमच्या गल्लीतल्या एकुलत्या एका मुसलमान घराचा ट्रॅक्टर वेशीबाहेर निघालेला. वार मोडला! दुपारपर्यंत देवळापुढं पन्नास-साठ जण जमले.

त्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत त्यांचा म्हातारा होता. दवाखान्यात नेताना मी सकाळी डोळ्यांनी पाहिलं होतं. मुलगा त्याच्यासोबत गेलेला, घरात फक्त सून आणि दोन लहान पोरं. हेच सांगायला मी देवळाकडं गेलो होतो. पण सांगितलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, "सर, तुम्ही कुणाकडचं?" भीती एवढीच. मला कुणी मारणार नव्हतं.

गप्प राहिलो आणि घोळक्याबरोबर त्यांच्या दारात पोचलो.

"आतनं कडी घातलीया. मागं दार हाय काय रं?" घोळक्यातनं कुणीतरी विचारलं.

उचलली जीभ, लावली टाळ्याला. "हाय की, परसातनं," मी म्हटलं. त्या परसात बसून मी कितीदा चहा प्यालोय! सगळे माझ्यामागून चालू लागले, तेव्हा मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

मागचं दारही बंद होतं. आत पोर रडत होतं. शेजारचे आप्पा, हातात टिकाव घेतलेले, हळूच म्हणाले, "तुम्हीच हाक मारा सर. तुमचं ऐकंल ती."

अजूनही मागं फिरता आलं असतं.

"भाभी, मी आहे. दार उघडा."

कडी निघाली. "सर, लई बरं झालं तुम्ही आलासा," म्हणत तिनं कडेवरचं पोर माझ्या हातात दिलं.

मी ते घेतलं, आणि मागच्यांना आत जाता यावं म्हणून बाजूला झालो.