दुपारी चार ते सहा : स्थळदर्शन

तुमच्या गावात कधी परिषद भरली आहे का? भरली असेल तर छापील पत्रिकेत ‘दुपारी चार ते सहा : स्थळदर्शन’ अशी एक ओळ असते, ती तुम्ही वाचली असेल. आमच्या सांगलीच्या व्यापारी संस्थेत ती ओळ माझ्या गळ्यात पडायची. मी तिथे मॅट्रिकच्या जोरावर क्लार्क होते. नव्वदनंतर दरवर्षी एकदोन परिषदा ठरलेल्या. कधी हळदीवाले, कधी गूळवाले, कधी सरकारी अधिकारी. हे किस्से साठले आहेत ते असे. एक सांगायला घेतला की दुसरा आपोआप पुढे येतो. ऐकणारे हसतात. मला मात्र सांगताना अजून राग येतो, आणि तो मी लपवणार नाही.

आमचे सेक्रेटरी नानासाहेब. एरवी माणूस बरा, घरी कुणी आजारी असलं तर आठवणीने विचारायचे. पण पाहुणे आले की त्यांना आपली माणसं दिसायचीच बंद व्हायची.

* * *

एकदा एप्रिलमध्ये पाहुण्यांना साताऱ्यापलीकडे ठोसेघरचा धबधबा दाखवायचं ठरलं. एप्रिलमध्ये तिथे पाणी नसतं, हे मी नानासाहेबांना तीन वेळा सांगितलं. ते म्हणाले, पत्रिका छापून झाली आहे.

चाळीस माणसं, त्या दिवशी सकाळीच निघून चार तासांचा प्रवास. तिथे पोचलो तर समोर नुसता काळा कडा. पाहुणे कड्याकडे बघतायत, मग एकमेकांकडे बघतायत. नानासाहेब सगळ्यांदेखत माझ्याकडे वळले. “बाई, निघण्याआधी पाण्याची चौकशी करायला नको होती का?”

परतीच्या बसमध्ये त्यांना खिडकीजवळची जागा हवी होती. मी दिली नाही. तेवढंच माझ्या हातात होतं.

* * *

मिरजेला तंबोरे करणाऱ्यांकडे पाहुण्यांना न्यायचा माझाच हट्ट असायचा. एक म्हातारे कारागीर भोपळ्यावर नक्षी कोरत बसलेले. दिल्लीचे एक साहेब पुढे झाले आणि बोटातल्या अंगठीने भोपळ्यावर टकटक करून बघायला लागले. शोकेसमध्ये मावेल असा लहान आहे का, उद्यापर्यंत मिळेल का, असं विचारत होते.

कारागिरांनी हत्यार खाली ठेवलं. “साहेब, हा भोपळा दोन वर्षं वाळतोय. तुम्ही दोन मिनिटं हात मागे ठेवाल का?”

नानासाहेबांनी लगेच माफी मागितली. दिल्लीच्या साहेबांची!

* * *

‘अस्सल ग्रामीण जेवण’ म्हणून एका वर्षी हॉलच्या अंगणात चार चुली मांडल्या. जवळच्या गावच्या बायका सकाळपासून भाकऱ्या थापत होत्या. पाहुणे आले, उकिडवे बसले, एकेकाने परातीत हात घालून फोटो काढून घेतला आणि आत जाऊन पनीर जेवले.

टोपल्या भरलेल्याच राहिल्या. त्या बायकांतल्या शालनताई पदराने घाम पुसत मला म्हणाल्या, “खायाची न्हवती तर थापताना फोटू कशाला काढला वं?”

मी एक भाकरी घेतली आणि तिथेच उभ्याने खाल्ली. नानासाहेबांनी आतून खूण केली, पाहुण्यांसमोर असं बरं दिसत नाही.

* * *

गोंधळ घालणाऱ्यांना पाचला बोलावलं होतं. भाषणं लांबली, मग सत्कार, मग आभार. संबळ मांडीवर घेऊन ते तिघे पायरीवर अडीच तास बसून होते. त्यांना पाणी मीच नेऊन दिलं. शेवटी नानासाहेब येऊन म्हणाले, फक्त दोन मिनिटं, आणि वाद्यं जरा हळू.

त्यांच्यातले थोरले उठले, संबळ खांद्याला अडकवला. “सायेब, देवीला दोन मिनिटांत बोलवायचं असंल तर तुमी फोन करा.”

ते तसेच निघून गेले. पत्रिकेत मात्र ‘गोंधळ संपन्न’ असं पेनने लिहून फाइल झाली.

* * *

आता हरिपूरचं. सांगलीला लागूनच गाव आहे. तिथे हळद जमिनीखाली पेवांत साठवत. पेव म्हणजे खोल खड्डा. तोंड एका माणसापुरतं, आत वीस-पंचवीस फूट खोल आणि पोटात रुंद. तोंडावर फरशी ठेवून वर माती लिंपली की आत हवा जात नाही आणि हळद वर्षानुवर्षं टिकते.

अधिकाऱ्यांची परिषद होती. आमचे मुकादम तुकाराममामा आठवडाभर सांगत होते की पेव आदल्या दिवशी उघडून ठेवू. नानासाहेब म्हणाले, उघडताना दिसलं नाही तर पाहुणे काय बघणार? म्हणून चार वाजता, सगळ्यांसमोर फरशी काढली. कॅमेरे पुढे झाले. दोर ओढायला तोंडावर आडवी फळी टाकली होती.

मामा म्हणाले, आता उद्यापर्यंत असंच राहू द्यायचं. सकाळी कंदील सोडायचा. तो जळत राहिला तर माणूस उतरायचा, विझला तर उतरायचा नाही. आत दम कोंडतो, ओरडायलाही वेळ मिळत नाही.

नानासाहेबांनी घड्याळ बघितलं. साडेचारला चहा होता. शिवाप्पा नावाचा आमचा हमाल बाजूला उभा होता, त्याला म्हणाले, कमरेला दोर बांध, एक पोतं भरून वर ये, पाच मिनिटांचं काम आहे. शिवाप्पाने सदरा काढला. त्याची बायको झाडाखाली पोती शिवत होती, तिने सुई थांबवली.

“आवं सायेब, आदी कंदील तरी सोडू द्या,” मामा म्हणाले.

“पाहुण्यांसमोर कंदील सोडून त्यांना घाबरवायचं आहे का? रोजचंच काम आहे त्याचं.”

माझं काय झालं, मला सांगता येणार नाही. आयुष्यात मी कुणाला मोठ्याने बोलले नव्हते. मी पदर खोचला, त्या फळीवर जाऊन मांडी घालून बसले आणि म्हणाले, “नानासाहेब, आधी तुम्ही उतरा. मग शिवाप्पा.”

एका पाहुण्याने कॅमेरा खाली घेतला. नानासाहेब माझ्याजवळ वाकून, अगदी हळू म्हणाले, “बाई, उद्यापासून कामावर येऊ नका.”

शिवाप्पा दोर हातात धरून उभा. “उठा बाई, मला बी ह्यो मानूस काम देनार न्हाई.”

मी उठले नाही. बस निघून गेली तेव्हा शिवाप्पाच्या बायकोने येऊन त्याच्या कमरेची गाठ सोडली. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. मामांनी तोंडाभोवती काट्या लावल्या आणि पेव रात्रभर उघडंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मामांनी दोरीला कंदील बांधून आत सोडला. तो दहा फुटांवर विझला.