भिंतीवरचा माग

वडगावात आमच्या गल्लीच्या टोकाला हातमागाची एक पडकी शेड आहे. छप्पर कधीच गेलं, एक भिंत तेवढी उभी आहे. गेल्या उन्हाळ्यात मी त्या भिंतीवर मनातली माणसं रंगवायला घेतली. पहिली एक विणकर बाई, नुकतीच मागावरून कापलेली साडी हातात धरून बसलेली. तिच्यापुढचा माग मी अगदी स्वच्छ, मोकळा दाखवला. मला तो फार आवडला होता.

शेजारच्या आक्कांनी याच शेडमध्ये जन्मभर साड्या विणल्या. त्या बघायला आल्या आणि तडकल्या, "मुडद्या, माग असा उघडा सोडत्यात व्हय रं? जुन्या ताण्याची, उभ्या धाग्यांची, टोकं मागावर ठेवायची असत्यात. नव्या ताण्याचा एकेक धागा त्यास्नी जोडायचा. बोटाला राख लावायची आन पीळ द्यायचा. टोकंच न्हाईत, तर ही उद्या विणणार काय?"

"आक्का, ही बाई खरी न्हाय," मी म्हणालो.

"म्हणून काय बसून ऱ्हाईल?"

मला राग आला. पण घरी चैन पडेना. संध्याकाळी परत जाऊन मी ऑइलपेंटनं मागावर लोंबती लाल टोकं रंगवली, एकेक सुटं.

सकाळी बघतो तर ओल्या रंगाला कुणीतरी हात लावलेला. शिव्या हासडायला तोंड उघडलं आणि जवळ गेलो. डाग फक्त टोकांवरच होते, ओळीनं, चिमटीएवढे, राखेचे.