आईच्या वाटणीची गोळी

एचआयव्हीचं निदान आई-बाबांचं एकदमच झालं. आजार कुठून आला हे आईने बाबांना कधीच विचारलं नाही. तिच्या जागी मी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं. तिने फक्त विचारलं, "औषध कुठं भेटते?"

अमरावतीला भेटत होतं, सरकारी, फुकट. पण आमच्या मोर्शीकडची अर्धी माणसं रोज कामाला अमरावतीत. कोण कुठल्या रांगेत दिसेल याचा नेम नाही. म्हणून अमरावती ओलांडून दोघं अकोल्याच्या एका खाजगी डॉक्टरांकडे येऊ लागले. मी अकोल्यात दिलेली. गावात सांगायला सोपं, लेकीकडे चाललो.

गोळ्या सुरू करण्याआधी डॉक्टरांनी दोघांच्या रक्तात विषाणू किती आहेत ते तपासून घेतलं. आईचा आकडा काही हजारांत निघाला, बाबांचा कित्येक लाखांत. "गोळी दोघांना तीच, रोज रात्री एक," डॉक्टर म्हणाले. "काका, तुमचा आकडा मोठा आहे, खाली यायला वेळ लागेल. घाबरायचं नाही आणि एक दिवसही चुकवायचं नाही."

सहा महिन्यांनी आईच्या रक्तात विषाणू सापडेना. बाबांचा आकडा बराच उतरला होता, पण अजून होता. बाबांचं तोंड एवढंसं झालं. त्या रात्री माझ्याकडे ते जेवलेच नाहीत, आणि आई त्यांच्याकडे नुसती बघत बसली.

पुढच्या तपासणीला आई खोकत आली. अंगावरचा ब्लाउज ढगळ झाला होता. या वेळी बाबांचा रिपोर्ट साफ होता, आणि आईचा आकडा पहिल्यापेक्षाही वर गेला होता. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या चुकल्या का?

"म्या तं कवाच बंद केल्या," आई म्हणाली. लपवण्यासारखं काही आहे असं तिला वाटतच नव्हतं. तिने बाबांकडे हात केला. "माह्यं साफ झालं होतं ना. माह्या वाटणीची गोळी यायले देतो, यायचं जास्त होतं." डॉक्टर बघतच राहिले, तशी तिने त्यांना समजावलं, "कपाशीवर अळी जास्त पडली तं फवारा डबल मारा लागते, साहेब."

बाबा जमिनीकडे बघत होते. म्हणजे रोज रात्री ती हातावर दोन गोळ्या ठेवत होती आणि हे घेत होते. डॉक्टरांनी एकच सांगितली होती, हे त्यांनाही ठाऊक होतं. माझं डोकं फिरलं. काहून घेतल्या, असं ओरडून विचारावंसं वाटलं. विचारलं नाही, कारण उत्तर तोंडावर लिहिलेलं होतं. त्यांना जगायचं होतं.

आईला एक्स-रेला नेल्यावर डॉक्टर आम्हाला म्हणाले, "काकांना एकच गोळी पुरली असती. मोठ्या आकड्याला वेळ लागतो, तेवढाच लागला. दुसरीने काहीही केलं नाही. काकूंचा विषाणू मेला नव्हता, फक्त दबला होता. गोळी थांबली आणि तो उठला."

छातीत टीबी निघाला. औषधं सुरू केली, पण तोवर तो मेंदूत पोचला होता. दवाखान्यात ती मधूनच शुद्धीवर यायची. एका दुपारी तिने डोळे उघडले आणि बाबांकडे बघत विचारलं, "यायचा रिपोर्ट?"

"साफ आला," बाबा म्हणाले.

ती हसली. किती दिवसांनी हसली असेल. "पाहा. डबलनंच झालं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला खोटं सहन होत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

"हो माय," मी म्हणाले. "तुह्याच गोळ्यानं झालं."

बाबा तिचे पाय दाबत राहिले. त्याच आठवड्यात ती गेली. बाबांचा रिपोर्ट अजूनही साफ येतो.