पाणाड्याची परीक्षा

जालन्याच्या एका कॉलेजात मी एम.ए.ला विज्ञानाचं समाजशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवते. वर्गात जेमतेम नऊ-दहा जण असतात, त्यातले निम्मे दुसरा पेपर मिळाला नाही म्हणून आलेले. स्टाफरूममध्ये विचारतात, "काय मॅडम, आज विज्ञानाची कोणती खोडी काढली?" मी हसण्यावारी नेत नाही, भांडते. स्वभावच तसा. पहिल्याच तासाला मी फळ्यावर एक प्रश्न लिहायचे: 'हे तुम्हाला कशावरून माहीत?' मग वर्षभर तो मुलांच्या मागे लावून द्यायचे. त्याचा मला भलता अभिमान होता.

तीन-चार वर्षांपूर्वी वर्गात घनसावंगीकडच्या एका खेड्यातली मुलगी होती. बोलायची कमी, पण टिपणं अशी काढायची की माझाच तास मला तिच्या वहीत जास्त कळायचा. तिचे वडील पाणाडी, जमिनीखालचं पाणी शोधून देणारे. तळहातावर नारळ आडवा ठेवून ते रानातून चालत, आणि जिथे नारळ उभा राहील तिथे लोक बोअर घेत. आसपासच्या कितीतरी गावांतून त्यांना बोलावणं यायचं. चहा आणि तो नारळ, याशिवाय ते काही घेत नसत. हे तिने मला आपणहून सांगितलं, जरा लाजत, जरा कौतुकाने.

लघुप्रबंधाचे विषय ठरवायची वेळ आली तेव्हा बाकीच्यांनी नेहमीप्रमाणे प्रश्नावल्या आणल्या. मला प्रश्नावल्यांचा तिटकारा आहे. मी तिला म्हटलं, "तू वडिलांवरच कर. लोकांना काय वाटतं ते नको, सरळ चाचणी घे. एकाच रानात दोनदा चालवायचं, दुसऱ्यांदा डोळे बांधून. नारळ त्याच जागी उभा राहिला पाहिजे." ती म्हणाली, "आबांना विचारावं लागेल, मॅडम." दुसऱ्या दिवशी सांगत आली, "आबा म्हणले, पोरीच्या कॉलेजच्या कामाला न्हाई कसं म्हणू." मला इतका आनंद झाला की ती खाली बघत होती याकडे माझं लक्षच गेलं नाही.

तूर काढून मोकळं झालेलं रान होतं. मी सकाळच्या बसने पोचले. आबांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. त्यांनी आधी जमिनीला हात लावून नमस्कार केला, मग मला. नारळ पाच ठिकाणी उभा राहिला. खरंच राहिला, मी डोळ्यांनी पाहिला. प्रत्येक जागी मुलीने खुंटी ठोकली. मग मी माझी ओढणी त्यांच्या डोळ्यांवर बांधली, त्यांना जागेवर तीनदा फिरवलं आणि हाताला धरून दुसऱ्या टोकाला नेऊन सोडलं. तुरीच्या बुडख्यांना ठेचकाळत ते हळूहळू चालत राहिले. नारळ पुन्हा पाच वेळा उभा राहिला, पण एकदाही खुंटीजवळ नाही.

ओढणी सोडल्यावर त्यांनी विचारलं, "बराबर आलं का?" मुलगी मान खाली घालून लिहीत होती. मी ओढणीची घडी घालायला लागले. मग त्यांनी स्वतःच खुंट्या उपटून गोळा केल्या आणि आम्हाला चहाला घरी नेलं.

प्रबंधाला वर्गात सगळ्यात जास्त गुण मिळाले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तोंडभरून कौतुक केलं. मी त्या दिवशी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. लिहिताना लाज वाटते, पण वाटले.

मुलगी मात्र भेटेनाशी झाली. फोन केला तर म्हणाली, "आबांनी बंद केलं, मॅडम. कोणी बोलवायला आलं की सांगतात, मला न्हाई कळत." मी म्हटलं, "चांगलंच झालं की." ती म्हणाली, "ज्यांचे बोअर कोरडे गेले, त्यांच्या दारोदार फिरून राह्यलेत. एकेक गाव. हात जोडून सांगतात, माझ्यानं चूक झाली. लोकांना कळतच न्हाई काय बोलावं. कोणी चहा पाजतं, कोणी दार लावून घेतं."

त्या रविवारी मी पुन्हा बस पकडली. वाटेत मनातल्या मनात भाषण जुळवलं. एका चाचणीने काही सिद्ध होत नाही. पाणी लागलेले बोअरही कितीतरी आहेत. आणि खरी गोष्ट निराळीच होती. जमिनीच्या पोटातलं कुणालाच दिसत नाही, पण कुठेतरी खोदावं तर लागतंच. अशा वेळी 'इथे' म्हणणारा आपला माणूस लागतो. लोक आबांना त्यासाठी बोलवायचे. माझ्या विषयाच्या नावात समाजशास्त्र आधी येतं, आणि मी नेमकं तेच घरी ठेवून रानात गेले होते.

आबा ओसरीवर बसले होते. बरेच वाळले होते. मी माझं सगळं बोलून घेतलं. त्यांनी मध्ये न बोलता ऐकलं आणि मग म्हणाले, "मॅडम, तुमची ओढणी सैल होती. खालून खुंट्या दिसून राह्यल्या होत्या. मनात आलं, जावं बराबर तिथंच. पण पोरगी लिहून राह्यली होती. मंग म्या डोळे गच्च मिटून घेतले."

गाठ मी बांधली होती आणि एकदाही तपासली नव्हती. बांधलेले डोळे खरोखर बांधलेत का ते आधी पाहायचं, हे मी दर वर्षी वर्गात शिकवते. त्या दिवशीची खरी चाचणी त्यांनी घेतली होती, स्वतःची, एकट्याने, आणि पेढे मी वाटले होते. मला तिथेच रडू कोसळलं. आबांनी मुलीला पाणी आणायला सांगितलं.

मुलगी मला स्टँडपर्यंत सोडायला आली. काहीतरी भरपाई करावी म्हणून मी बोलून गेले, "पीएच.डी.चा अर्ज भर. मी घेते तुला."

"न्हाई, मॅडम."

"का गं?"

"तिथं अजून कोणाच्या तरी आबांना तपासावं लागेल."

ती हे रागाने म्हणाली नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. बस लागली तशी ती पाया पडायला वाकली. मी तिचे दोन्ही हात धरले आणि म्हटलं, "नको गं, माझ्या पाया पडू नकोस."

"आबांनी सांगितलंय," ती म्हणाली, आणि हात सोडवून घेऊन वाकली.