मास्तरांनी निवडलेलं पिल्लू

पडदा वर जातो तेव्हा समोर एका लॉन्ड्रीची मागची खोली आहे. डावीकडे इस्त्रीचं लांब टेबल, त्यावर कुणाचा तरी पांढरा शर्ट, एक बाही इस्त्री झालेली, दुसरी चुरगळलेली. उजवीकडे तारेवर टांगलेले कपडे, प्रत्येकाला चिठ्ठी टाचलेली. मध्यभागी वेताची टोपली, तिच्यात जुनी चादर आणि चादरीवर चार पिल्लं एकमेकांच्या अंगावर लोळताहेत. टोपलीसमोर एक वृद्ध गृहस्थ गुडघे टेकून बसले आहेत. हे आपले नायक. जन्मभर कधी उजेडात आले नाहीत, म्हणून आज मी त्यांना मुद्दाम मध्यभागी बसवते आहे.

ते आमच्या नाटक कंपनीचे प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसायचे, मांडीवर नाटकाची वही, आणि नट अडकला की पुढचा शब्द कुजबुजून पुरवायचे. ती कुजबुज आम्हाला स्टेजवर स्वच्छ ऐकू यायची आणि पहिल्या रांगेला तिचा पत्ता नसायचा. आम्ही त्यांना कुजबुजेमास्तर म्हणायचो. नव्याने आलेल्या एका मुलीने तेच त्यांचं आडनाव समजून लग्नाच्या पत्रिकेवर तसं लिहिलं होतं. ती पत्रिका मास्तरांनी आरशाच्या चौकटीत खोचून ठेवली होती. आल्यागेल्याला कौतुकाने दाखवायचे.

कुजबुजता कुजबुजता आवाजच तसा होऊन बसला. मोठ्याने बोलायला गेले तरी घशातून नुसता वारा. बायको होती तोवर भागलं, तिला स्वयंपाकघरातून ते ऐकू यायचं. ती गेली आणि मास्तर मुलाकडे राहायला आले.

मुलगा आणि सून दोघंही नोकरीला, घरात दिवसभर मास्तर एकटे. एका दुपारी मीटर बघायला आलोय म्हणत एक माणूस आत शिरला आणि सुनेचा लॅपटॉप काखेत मारून चालता झाला. मास्तर खुर्चीतून उठून ओरडले. म्हणजे, ओरडायला गेले. समोरच्या दारातल्या बाई कपडे वाळत घालत होत्या, त्यांना काही कळलं नाही. दाराला आतून साखळी बसव, असं मास्तर मुलाला कधीचे सांगत होते. मुलाचं उत्तर ठरलेलं. "बसवतो ना बाबा, वेळ मिळाला की."

चोरीनंतर घरात वृद्धाश्रमाचं नाव निघालं. मुलगा म्हणाला, "तिथे निदान चार माणसं तरी असतात, बाबा. इथे तुमची काळजी करत मी ऑफिसात कसा बसू?" सुनेनेच त्यातून वाट काढली. चांगलं भुंकणारं एक पिल्लू आणू, बाबांना सोबत होईल आणि घरालाही राखण. जमलं तर बाबा इथेच राहतील. नाही जमलं तर मग बघू. मुलगा वाईट नव्हता, सूनही वाईट नव्हती. खलनायक असला की नाटक लिहिणं सोपं जातं. इथे ती सोय नाही.

तर, लॉन्ड्री. थिएटरच्या मागच्या गल्लीतली, आमच्या कंपनीचे कपडे तिथेच जायचे. मालकिणीच्या कुत्रीला पिल्लं झाली होती. मास्तरांनी मला बोलावून घेतलं, म्हणाले, चला बाई, निवड करायची आहे. मुलाने कसं निवडायचं ते बजावून पाठवलं होतं: टाळी वाजवा, जे भुंकत अंगावर येईल ते घ्या.

मी टाळी वाजवली. एक काळं पिल्लू ठणाणा करत थेट माझ्या चपलेवर आलं.

"हा घ्या, मास्तर," लॉन्ड्रीवाली म्हणाली. "याच्या तोंडाला कुलूप नाही. काल एक साहेब स्वतःचीच पँट न्यायला आले, तर त्यांना चोर ठरवून मोकळा."

"हाच, मास्तर," मी म्हटलं. "याची परीक्षा कशाला घ्यायची?"

"तुम्ही नट मंडळी आवाजाला भुलता, बाई. जरा थांबा."

ते टोपलीवर वाकले आणि कुजबुजायला लागले. कुठल्या तरी जुन्या नाटकातली वाक्यं असावीत. काळं पिल्लू त्यांच्या बुटावर भुंकत राहिलं. दोघांनी बुटाच्या नाड्या वाटून घेतल्या. चौथं, पांढरंशुभ्र, गुलाबी नाकाचं, पुढे आलं, खाली बसलं आणि मास्तरांच्या ओठांकडे बघत राहिलं. मान तिरकी, कान उभे. मास्तर थांबेपर्यंत नजर हलली नाही.

मास्तरांचे डोळे भरून आले. "बघितलंत? शब्द झेलते आहे. तुमच्यापैकी एकाने तरी माझं असं ऐकलंय का कधी?"

"आम्ही प्रेक्षकांकडे बघायचो, मास्तर."

"तेच म्हणतोय."

लॉन्ड्रीवाली जरा घुटमळली. "ती वेगळीच आहे हो. दुधाला हाक मारली तरी सगळ्यांच्या मागून येते."

"येऊ दे. घाईने एंट्री घेणारे मी पुष्कळ बघितलेत."

पांढरी घरी आली. पहिले काही दिवस सगळे खूश. शांत पिल्लू, घाण करत नाही, मास्तरांच्या पायाशी बसून तोंडाकडे बघत राहतं. मास्तर दिवसभर तिच्याशी बोलायचे. इतकं तर ते बायकोशीही बोलले नसतील.

मग एका सकाळी सुनेच्या हातून पातेल्यावरचं झाकण निसटलं. फरशीवर गरगरत, आपटत, ते झोपलेल्या पांढरीच्या शेजारी जाऊन पडलं. मास्तर दचकले. पांढरी घोरत होती. सुनेने झाकण उचललं आणि तिच्या डोक्याशी पुन्हा आपटलं, या वेळी जाणूनबुजून. मग ती हळूच म्हणाली, "बाबा, हिला ऐकू येत नाही."

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. जन्मापासून बहिरी, पांढऱ्या पिल्लांत असं होतं कधीकधी. ती ओठांकडे बघत होती, कारण त्या खोलीत तिच्याकडे तोंड करून हलणारं तेवढंच काही होतं. हजारो प्रयोग कुजबुजीत काढलेल्या माणसाने कुजबुजूनच निवड केली, आणि जिला काहीच ऐकू येत नाही ती नेमकी त्यांच्या पसंतीला उतरली.

"बदलून आणू," मुलगा म्हणाला. "लॉन्ड्रीवाली ओळखीची आहे."

"ती काय शर्ट आहे?" मास्तरांनी विचारलं. "मला थोडे दिवस दे. मी तयार करतो तिला."

आणि खरंच ते कामाला लागले. पाय आपटला की फरशीची थरथर ओळखून ये. हात वर केला की बस. तिचं अंथरूण त्यांनी दाराला टेकवून घातलं, म्हणजे दार हललं की पाठीला कळेल. मी भेटायला गेले तेव्हा ती उठली, माझ्याकडे बघितलं आणि एकदा भुंकली. मास्तर माझ्याकडे असे बघत होते, जणू काही त्यांनीच एखादा नट घडवलाय. मी टाळ्या वाजवल्या. मग आठवलं आणि हात हलवून दाखवले.

मुलाने मात्र स्वतःची परीक्षा लावली. न सांगता भर दुपारी घरी आला. किल्लीने हळूच दार उघडलं. पांढरी नेमकी अंथरूण सोडून मास्तरांच्या मांडीवर झोपली होती. मास्तर जागे होते. मुलगा आत आला, टेबलावरचा रेडिओ उचलला आणि बाहेर गेला. जिन्यात थोडा वेळ उभा राहिला आणि परत आला.

"बाबा, मी आत आलो, रेडिओ घेऊन गेलो, आणि तुम्ही दोघंही जागचे हलला नाहीत."

"तू होतास."

"मी होतो हे तुम्हाला काय माहीत? माझ्याकडे पाठ होती तुमची."

"जिन्यातच पाऊल ओळखलं." विंगेत बसून कोण एंट्रीला आलं ते पावलावरून ओळखायची सवय, ती कुठे जाणार.

"मग रेडिओ उचलल्यावर तरी काही बोलायचं?"

मास्तरांनी पांढरीच्या डोक्यावरून हात फिरवला. "मला वाटलं, तुला हवा असेल."

मुलगा रेडिओ जागेवर ठेवून स्वयंपाकघरात गेला. नळ सोडून बराच वेळ तिथेच उभा होता, असं सुनेनेच मला सांगितलं. पण ठरलं ते ठरलं.

वृद्धाश्रमात कुत्री ठेवू देत नव्हते. लॉन्ड्रीवालीने पांढरीला परत घेतलं. इस्त्रीच्या टेबलाखाली ती अजून झोपते. आपटणाऱ्या इस्त्रीचा तिला त्रास नाही. पुढे मास्तरांची शाल आणायला मी मुलाच्या घरी गेले. दाराला आतून नवीकोरी साखळी होती. आतून काळं पिल्लू भुंकत होतं, आता चांगलं थोराड झालेलं. "छान राखण करतो," सून म्हणाली आणि माझ्याकडे न बघता शालीची घडी घालू लागली. माणूस गेल्यावर घराला योग्य कुत्रा मिळाला.

शाल घेऊन मी आश्रमात गेले. भिंतीला लागून पलंगांची रांग, प्रत्येकाच्या उशाशी नावाची चिठ्ठी. मास्तरांना दम लागत होता, होती ती कुजबुजही संपली होती, नुसते ओठ हलायचे. मी खुर्ची ओढून अगदी समोर बसले आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. इतकी वर्षं मी त्यांचे शब्द घेतले, पण ते बोलताना तोंड बघितलं नव्हतं.

त्यांनी पांढरीची विचारपूस केली. मी सांगितलं, मजेत आहे. त्यांनी शाल चाचपली, मग दाराकडे बघितलं. शाल मुलाच्या घरून आली होती, मुलगा आला नव्हता. त्यांना बरं वाटावं असं काहीतरी बोलायला हवं होतं. प्रेक्षकांसमोर कधी डगमगले नाही ती मी, आवाज लावून म्हणाले, "येईल हो तो. येणारच. त्याला जरा..."

आणि पुढचा शब्दच सुचेना. ऐन स्टेजवर अडकावं तशी अडकले.

मास्तरांनी सवयीने माझ्याकडे वळून ओठ हलवले. पाठच असलेलं वाक्य त्यांनी मला पुरवलं.

"वेळ मिळाला की."