दुसरी बाजू सांगणाऱ्या बाई

आमच्या बाईंशी कुणाला धड भांडता यायचं नाही. भांडायला माणूस समोर उभा लागतो. बाई आधी तुमच्याच बाजूला येऊन उभ्या राहायच्या, तुमचं म्हणणं तुमच्यापेक्षा नीट मांडायच्या आणि तुम्ही सुखावलात की हळूच म्हणायच्या, "आता दुसरी बाजू बघू." गंगापूर रोडवरच्या कॉलेजात त्या अर्थशास्त्र शिकवायच्या, मी भूगोल. स्टाफरूममध्ये त्यांचं नावच 'दुसरी बाजू' पडलं होतं. घरंही एकाच इमारतीत, त्यामुळे कॉलेज सुटलं तरी माझी काही सुटका नव्हती.

एकदा डॉलर वधारला म्हणून आमचे हे कपाळाला हात लावून बसले होते. मुलगा परदेशात शिकत होता, फी डॉलरात भरायची. बाई चहाला आलेल्या. "तुमचं नुकसान खरंच आहे," त्या म्हणाल्या, "पण बाहेर द्राक्षं पाठवणाऱ्याला आज त्याच डॉलरचे जास्त रुपये मिळतायत. त्याच्या घरी आज श्रीखंड असेल." "मग फीसुद्धा त्यालाच भरू द्या," हे करवादले. बाई खळखळून हसल्या आणि हेही म्हणणं बरोबर आहे म्हणाल्या. आता अशा बाईला काय बोलणार?

वर्गातही तोच खाक्या. श्रीलंकेचं दिवाळं वाजलं, तेव्हा पोरं म्हणायला लागली की देशानं कर्ज काढूच नये. बाई म्हणाल्या, "विहिरीसाठी काढलेलं कर्ज आणि वरातीसाठी काढलेलं कर्ज एकच का रे? कशाला काढलं ते आधी विचारा." मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "आणि विहिरीला पाणीच लागलं नाही तर?" बाईंनी तिचं वाक्य तसंच्या तसं फळ्यावर लिहिलं. परीक्षेला तोच प्रश्न घातला. पोरांनी त्या मुलीला महिनाभर शिव्या दिल्या.

बाईंनी लग्न केलं नाही. आई लवकर गेली, मग धाकट्या भावाला त्यांनीच कडेवर वागवून मोठं केलं. निफाडजवळच्या गावात त्याची शेती, पीक मुख्यतः कांद्याचं. माहेर म्हणा, घर म्हणा, बाईंना तो एवढाच. दर उन्हाळ्यात त्याची पिकअप आमच्या दारात लागायची आणि "आक्का, धर गं" करत तो गोणी जिना चढवायचा. बाई तो कांदा गॅलरीत पसरायच्या आणि इमारतीत घरोघरी वाटायच्या. नको म्हणायची सोय नव्हती. "कांदा विकत घेतात हे मला पुस्तकात वाचून कळलं," असं त्या अभिमानाने सांगायच्या.

मग ती निर्यातबंदी आली. शहरात कांदा महागला म्हणून सरकारनं बाहेर जाणारा कांदा थांबवला आणि इकडे भाव धाडकन खाली आले. दिवस लाल कांद्याचे. तो काही साठवणीच्या कांदाचाळीत टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. भाऊ रास्ता रोकोला जाऊन बसला. त्याच दिवशी इथल्या एका चॅनेलवाल्यांनी बाईंना बोलायला बोलावलं. मी म्हटलं, "जाऊ नका बाई. आगीत कशाला हात घालता?" त्या गेल्या. शेतकऱ्याचं नुकसान कसं होतं, परदेशातलं गिऱ्हाईक एकदा तुटलं की परत कसं येत नाही, हे त्यांनी पोटतिडकीने सांगितलं. आणि मग सवयीने म्हणाल्या, "आता दुसरी बाजू बघू. रोजंदारीवर जगणाऱ्या बाईलाही कांदा परवडायला हवा ना?"

एवढंच बोलल्या. चॅनेलवाल्यांनी काही कापलं नाही, काही जोडलं नाही. पण भाऊ रस्त्यावर बसलेला असताना कुणीतरी ते त्याला मोबाइलवर दाखवलं आणि म्हटलं, "घे, तुझ्या घरातूनच बंदीला पाठिंबा हाय."

संध्याकाळी त्याचा फोन आला, तेव्हा मी बाईंकडेच होते. तो इतक्या जोरात बोलत होता की मला सगळं ऐकू येत होतं. "आक्का, तुला दोन बाजू हायेत. आमाला एकच हाय. सारं गाव हसलं मला. आता बोलू नको माझ्याशी." बाई फोन कानाला धरून तशाच बसून राहिल्या. तिकडून कधीच बंद झाला होता.

त्या उन्हाळ्यात गोणी आली नाही. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी जिन्यात विचारलंच, "यंदा कांदे नाही आले वाटतं?" जिभेला हाड नसतं काही लोकांच्या. बाई माझ्याबरोबर हातगाडीवर गेल्या आणि मला विचारायला लागल्या, "एका माणसाला किती लागतो गं?" जन्मभर जगाचा व्यापार शिकवलेली बाई, हातात रिकामी पिशवी धरून विचारत होती. मला रडू आलं. मी उगाचच गाडीवाल्याशी कांद्याच्या भावावरून हुज्जत घातली.

बंदी पुढे उठली. भावाचा अबोला काही उठला नाही. मी किती वेळा म्हटलं, तुम्ही फोन करा. त्या म्हणायच्या, "करते गं. पण काय बोलू? चुकले म्हणाले तर खोटं होईल. नाही चुकले म्हणाले तर तो पुन्हा तुटेल." भाऊबीजेला त्यांनी ओवाळणीचं ताट करून ठेवलं. अनारसे केले, त्याला आवडतात म्हणून. अंधार पडेपर्यंत वाट पाहिली आणि मग मला घेऊन गच्चीवर गेल्या. भाऊ नसला की चंद्राला ओवाळतात, तसं त्यांनी ओवाळलं. ताट खाली ठेवून म्हणाल्या, "मी बोलले ते खोटं नव्हतं. पण ते दुसऱ्या कुणी बोलायला हवं होतं. मी बहीण होते."

थंडी सरता सरता बाई गेल्या. झोपेतच, हृदय बंद पडून. भाऊ आला, अग्नी त्यानेच दिला, दहाव्यालाही रामकुंडावर होता. कुणाशी एक शब्द बोलला नाही. मला त्याचा राग होता, खोटं कशाला सांगू? जिवंतपणी एक फोन करता आला नाही का मेल्याला, असं मनात आलं.

उन्हाळ्यात एक दिवस बेल वाजली. दारात तो उभा, पाठीवर गोणी. बाईंच्या घराला कुलूप होतं.

"मॅडम, आक्का वाटायची ना साऱ्यांना? कुणाला किती, ते सांगा," तो म्हणाला. गोणी उतरवून तो जिन्यातच पायरीवर बसला. "माझ्याबद्दल काही म्हणायची का?"

"म्हणायच्या ना. गोणी आली नाही तेव्हा म्हणाल्या होत्या, यंदा त्याची बाजू बरोबर आहे."

त्याने पंच्याने तोंड पुसलं.

"ती माझीबी बाजू सांगायची," तो म्हणाला. "आता तिची कुणी सांगायची?"

आम्ही दोघांनी गोणी सोडली आणि तळमजल्यापासून वाटायला सुरुवात केली.